उजव्या पायावरचे काळे ठिपके

पहिल्यांदा लक्षात आलं ते हिच्या. मशीन लावण्याआधी तिने माझी बदामी पँट खिडकीतल्या उजेडात धरली आणि म्हणाली, "अहो, हे काय उडवून आणलंत? आणि एकाच पायावर?" उजव्या पायाच्या मोहरीपासून पोटरीपर्यंत तिळाएवढे काळे ठिपके होते. मी ठोकून दिलं, रस्त्यावरचं डांबर असेल. तिने ठिपक्याला बोट लावून वास घेतला. "डांबर कसलं! तुमच्या गाडीचा वास आहे हा."

तिला तो वास ओळखू येणारच. माझी येझदी मोटारसायकल १९८२ची, म्हणजे आमच्या लग्नाच्या दोन वर्षं आधी घरात आलेली. थोरली सवत म्हणते ती तिला. २६ जुलै २००५ला, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, आम्ही कलिन्याला राहत होतो आणि गाडी हँडलपर्यंत पाण्यात होती. त्यातूनही ती उठली. गाडीबरोबर मिळालेली हत्यारांची पिशवी मात्र गंजून एकच गोळा झाली आणि मी तो गोळा भंगारात दिला. ही चूक पुढे महागात पडली.

ठिपक्यांचं मूळ शोधायला फार डोकं लागलं नाही. येझदीचं इंजिन टू-स्ट्रोक. पेट्रोलमध्येच ऑइल घालायचं. मी लिटरला ४० मिलिलिटर घालतो. त्यातलं सगळं ऑइल काही जळत नाही, उरलेलं धुराबरोबर बाहेर पडतं. सिलिंडर एकच, पण सायलेन्सर दोन, डावा आणि उजवा. सिलिंडरला पुढच्या बाजूला दोन तोंडं, त्यांना बाहेरून आटे, आणि त्या आट्यांवर कंगोरे असलेली एक जाड रिंग बसते. ही रिंग सायलेन्सरकडे जाणाऱ्या वाकड्या नळीची, म्हणजे बेंड पाइपाची, कड सिलिंडरच्या तोंडावर दाबून धरते, मध्ये पॅकिंग. रिंग सैल झाली की धुरातलं ते काळं ऑइल तिथूनच पाझरतं आणि चालत्या गाडीच्या वाऱ्याने मागे उडतं. मागे काय असतं? माझा उजवा पाय.

खरं तर कान आधीच सांगत होते. थ्रॉटल सोडला की फट् फट् असे बारीक बार व्हायचे. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने "काका, फटाके वाजवताय का?" विचारून झालं होतं. चढावर गाडी दमायची. टू-स्ट्रोकमध्ये धूर नुसता बाहेर जाऊन भागत नाही. सायलेन्सरमधून उलट फिरणारा दाब ताज्या मिश्रणाला सिलिंडरमध्ये धरून ठेवायला मदत करतो. तोंडाशीच गळती असेल तर तो दाब ढिला पडतो. गंमत म्हणजे पीयूसीचा आकडा त्या दिवसांत चांगला आला होता. २००० सालाआधीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेचार टक्क्यांपर्यंत चालतो, माझा बराच खाली आला. मी खूश! गळतीतून बाहेरची हवा आत शिरते आणि धूर पातळ होतो, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

मी काय केलं? जे दहातले नऊ जण करतात तेच. रिंग आवळायला सी-पाना, म्हणजे कंगोऱ्याला अडकणारा आकडीचा पाना लागतो, तो भंगारात गेलेला. मग छिन्नी कंगोऱ्याला टेकवली आणि हातोडीने ठोकलं. रिंग बोटभर फिरली, गळती थांबली. चार दिवसांनी पुन्हा ठिपके. पुन्हा छिन्नी. तिसऱ्या वेळी एक कंगोरा तुटून पार्किंगमधल्या गाड्यांखाली कुठेतरी गेला. मग एका गॅरेजवाल्याकडे नेली. त्याने अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळली, वरून एम-सील थापलं आणि "आता दहा वर्षं बघायला नको" म्हणाला. एम-सील आठव्या दिवशी बिस्किटासारखं चुरा होऊन पडलं. सायलेन्सरच्या तोंडाशी जी उष्णता असते तिच्यापुढे ते टिकणारच नव्हतं. दोरीचं तर नावच नको. अ‍ॅस्बेस्टॉसची धूळ फुफ्फुसात गेली की जन्मभराचं दुखणं. ती मी पाणी मारून, तोंडाला मास्क लावून, ओली असतानाच काढली. जुन्या गाडीवर अशी दोरी दिसली तर वाळलेली खरवडू नका, एवढं ऐका.

पाचव्यांदा आवळायला गेलो तेव्हा रिंग घट्ट होईचना. फिरतेय, फिरतेय, आणि टचकन मागे येतेय. आटे गेले.

त्या दिवशी मी हातोडी ठेवली आणि स्टूल घेऊन गाडीसमोर बसलो. डावी रिंग तीच, त्याच वयाची, तिला मी वर्षानुवर्षं हात लावलेला नाही आणि ती गळत नाही. मग उजवीलाच काय झालंय?

आधी गळती नक्की कुठे कुठे आहे ते बघावं म्हणून देवघरातून उदबत्ती आणली. ही युक्ती खर्चाची नाही आणि खोटी बोलत नाही. आवळता येईल तेवढी रिंग आवळली, गाडी थंड असतानाच सुरू केली, आणि उदबत्तीचा धूर एकेका सांध्यापाशी नेला. सांधा बंद असेल तर धुराची रेघ सरळ वर जाते. गळत असेल तिथे ती इंजिनच्या ठोक्याबरोबर थरथरते, मागे ढकलली जाते. रिंगेपाशी थरथरली, अपेक्षाच होती. पण बेंड पाइप सायलेन्सरमध्ये शिरतो त्या क्लॅम्पपाशीही थरथरली, आणि सायलेन्सरच्या पोटाशी, जिथे पत्र्याचा जोड आहे, तिथे गंजाने पडलेल्या सुईएवढ्या भोकातूनही. तळमजल्यावरच्या आजी खिडकीतून म्हणाल्या, "अरे, आज गाडीची पूजा का? दसरा तर लांब आहे." मी म्हटलं, "आजी, नवस बोललोय." पेट्रोलच्या टाकीपासून आणि कार्ब्युरेटरपासून उदबत्ती लांब ठेवायची हे सांगायला नको, तरी सांगतो. मी तोंडाशी काम करताना पेट्रोलचा कॉक बंद ठेवला होता. कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्यावर गाडी तेवढा वेळ चालते.

दुसऱ्या दिवशी उजवी बाजू सोडायला घेतली. रिंग हातानेच सुटली. क्लॅम्प ढिला केला. मग सायलेन्सरचा मागचा बोल्ट, चेसिसला लावलेल्या पट्टीचा, तो चौदा नंबरच्या पान्याने काढत होतो. शेवटचा आटा सुटला आणि सगळा सायलेन्सर बेंड पाइपासकट टण्णकन बाहेर उडाला. माझ्या नडगीला लागलं. दुखलं, पण दुखणं विसरून मी बघतच राहिलो. पाइप सिलिंडरच्या तोंडापासून चांगला अर्धा बोट बाजूला जाऊन उभा होता. म्हणजे इतके दिवस तो तिथे जबरदस्तीने ओढून बांधलेला होता. ताणलेल्या धनुष्यासारखा. इंजिनच्या प्रत्येक ठोक्याला तो स्वतःच्या जागी जायला बघत होता, आणि त्याला अडवून धरायचं काम एकट्या रिंगेवर. रिंग बिचारी सैल होणार नाही तर काय करणार? आणि मी छिन्नी घेऊन तिलाच बडवत होतो.

मागची पट्टी हातात घेतली तर आत वाकलेली. आणि मग आठवलं. दोन पावसाळ्यांपूर्वी हिंदमाताला गुडघाभर पाण्यात गाडी उजव्या अंगावर आडवी झाली होती. खड्डा दिसला नाही. दोन पोरांनी हात देऊन उचलली. तेव्हा फुटरेस्ट वाकला होता तो मी सरळ करून घेतला, आरसा बदलला, आणि प्रकरण मिटलं असं समजलो. सायलेन्सर जमिनीवर आपटून आत ढकलला गेला, पट्टी वाकली, हे बघितलंच नाही. मार मागे बसला, रडली पुढची रिंग.

सायलेन्सर उतरलाच होता तर इंजिनला चेसिसवर धरून ठेवणारे फाउंडेशन बोल्ट बघून घेतले. त्याचीही एक सोपी रीत आहे. गाडी सुरू असताना बोटाचं अर्धं टोक चेसिसवर आणि अर्धं इंजिनच्या कानावर, म्हणजे बोल्ट जातो त्या भागावर, राहील असं ठेवायचं. दोन्ही एकत्र थरथरत असतील तर ठीक. दोन्हींची थरथर वेगवेगळी लागली तर बोल्ट ढिला. पण हे मला आधी करायला हवं होतं, सायलेन्सर उतरल्यावर गाडी सुरू करून सगळी सोसायटी जागी करायची हिंमत नव्हती. म्हणून पाना लावूनच बघितलं. पुढचा बोल्ट पाऊण फेरा आत गेला! इंजिन डुलतंय आणि सायलेन्सर मागे चेसिसला घट्ट, या ओढाताणीत पाइपाचे हाल.

आता रिंगेचं काय? येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद झाला. नवीन जावा-येझदी आल्या आहेत पण त्यांचा आपल्या गाडीशी नावापुरताच संबंध. कुर्ल्याला सीएसटी रोडवर दोन दुकानं पालथी घातली. एकाने रिंग दिली, ती घरी येऊन बसवली तर आट्यांवर खुळखुळ्यासारखी हलत होती. जिच्यावर बसवायचं ते आटेच झिजलेले, नवी रिंग तरी काय धरणार.

साकीनाक्याच्या एका गाळ्यात ओळखीचे लेथवाले काका आहेत, वय सत्तरीच्या पुढे. त्यांना फोनवर म्हटलं, रिंग पाठवतो, तशीच जरा घट्ट करून द्या. ते उखडलेच. "नवरा न बघता लग्न ठरवू का? सिलिंडर घेऊन या."

म्हणजे हेड आणि सिलिंडर उतरवणं आलं. टू-स्ट्रोकचं हे सुख आहे, वॉल्व नाहीत, कॅम नाही, दुपारभरात उतरतो. पिस्टनखालच्या पोकळीत काही पडू नये म्हणून तिथे जुन्या बनियनचा बोळा. सिलिंडर उलटा करून बघितला आणि आणखी एक गोष्ट कळली. धूर जायच्या दोन्ही वाटांवर कार्बनचा थर, उजव्या बाजूला तर जवळजवळ एक तृतीयांश वाट बुजलेली. लोखंडी पट्टीने खरवडलं तर कडेला ओरखडे पडतात, म्हणून आइसक्रीमच्या काड्या आणि बांबूची चपटी केलेली काडी. घासलेटमध्ये भिजवून ठेवायचं, खरवडायचं, पुन्हा भिजवायचं. दोन संध्याकाळी गेल्या. कंटाळवाणं काम, पण रेडिओवर जुनी गाणी असली तर होतं.

सिलिंडर घेऊन जायचं म्हणजे भाजीच्या पिशवीत ओतीव लोखंडाचा ऐवज. दादरहून घाटकोपर लोकलने, तिथून मेट्रो. मेट्रोच्या दारात पिशवी एक्स-रेमधून गेली आणि सुरक्षारक्षक ताई उभ्याच राहिल्या. "काका, हे काय आहे?" मी म्हटलं, "सिलिंडर." हा शब्द तिथे वापरायला नको होता. पुढची पाच मिनिटं मी त्यांना दाखवत होतो की यात गॅस नसतो, पिस्टन असतो, आणि आता तोही नाही. शेवटी त्यांचा एक सहकारी वाकून म्हणाला, "अरे, ही तर जावाची आहे. माझ्या मामांकडे होती." सुटलो.

लेथवाल्या काकांनी आटे मोजायचा पिच गेज लावला, भिंग लावलं, बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, पुढचे तीन आटे गेलेत, मागचे चांगले आहेत. जुनी रिंग त्या मागच्या आट्यांपर्यंत पोचतच नव्हती. त्यांनी नवी रिंग थोडी खोल केली, म्हणजे ती मेलेले आटे ओलांडून जिवंत आट्यांना धरेल. कंगोरे काही जमले नाहीत, त्याऐवजी सी-पाना अडकायला चार खाचा काढल्या. दिसायला ती डाव्या रिंगेच्या शेजारी परकी दिसते. मला चालतं. शोची गाडी नाही माझी. सायलेन्सरच्या पोटाचं भोक त्यांच्याच शेजारच्या गाळ्यात गॅस वेल्डिंगने पितळ भरून बुजवलं. इतक्या पातळ पत्र्यावर आर्क मारला असता तर भोकाची खिडकी झाली असती. क्रोम तिथे निळसर पडला, तो खालच्या अंगाला आहे, कोण वाकून बघतंय.

नागदेवी स्ट्रीटला मी तासाभरासाठी गेलो आणि अख्खा दिवस घालवून आलो, ते ठिकाणच तसं आहे. नट-बोल्ट, वायसर, पाने, पॅकिंगचा कागद, गल्लीभर हेच. एकदाचा सी-पाना घेतला. तांब्याच्या दोन रिंगा घेतल्या, पॅकिंगसाठी. तांबं एकदा दाबलं, ठोकलं की कडक होतं, आणि कडक तांबं खाचाखोचांत बसत नाही. म्हणून ते तापवून मऊ करायचं. घरी गॅसवर चिमट्यात धरून लालबुंद केलं आणि पाण्यात टाकलं. लोखंड असं विझवलं तर कडक होतं, तांबं उलट मऊच राहतं. ही दार अडवून उभी, "माझा चहा उकळून झाल्यावर करा तुमची भट्टी." वरची काळी खपली पॉलिश पेपरने पुसली. रिंग हाताने दाबली तर वाकत होती, झालं काम.

जोडणीला मात्र मी घाई केली नाही. आधी वाकलेली पट्टी शेगडीवर तापवून, वाइसमध्ये धरून सरळ केली. तरीही बोल्टचं भोक आणि चेसिसचं भोक दोन-तीन मिलिमीटरने चुकत होतं. पूर्वीचा मी असतो तर पाइप ओढून भोकं जुळवली असती. आता कानस घेऊन पट्टीचं भोक लांबट केलं. पाइपाला जिथे राहायचंय तिथे राहू दे, पट्टीने त्याच्याकडे यावं. मग सगळं ढिलं ठेवून जोडलं: आट्यांवर ग्राफाइटचं ग्रीस, तांब्याचं पॅकिंग, रिंग हाताने बसेल तेवढी. पाइप धरून हलवला, तो तोंडावर सपाट बसलाय का हे बोटांना कळतं. मग रिंग पान्याने. मग मधला क्लॅम्प. सगळ्यात शेवटी मागचा बोल्ट, रबराचा नवा बुश आणि स्प्रिंग वायसर घालून. आतापर्यंत मी हा क्रम नेमका उलटा करत आलो होतो, कारण मागचा बोल्ट लावला की जड सायलेन्सर लटकत नाही आणि हात मोकळे होतात. त्या सोयीपायी आटे गेले. आता सायलेन्सरखाली दोन विटा आणि एक जुनी उशी ठेवतो.

पहिल्या किकला नाही, सहाव्या किकला सुरू झाली. उदबत्ती लावली. रिंगेपाशी रेघ सरळ. क्लॅम्पपाशी सरळ. पोटाशी सरळ. खिडकीतून आजी म्हणाल्या, "पावला का रे नवस?"

दहा मिनिटं चालवून बंद केली, कोमट होऊ दिली, हातमोजे घालून पुन्हा आवळली. पाव फेरा गेली. तांबं बसतं, ग्रीस सरकतं, त्यामुळे पहिल्या गरमीनंतर हे होतंच. पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा एकदा केली, तेव्हा जेमतेम हलली. त्यानंतर नाही.

रविवारी पहाटे साडेपाचला नायगावहून निघालो. सी-लिंकवर आणि कोस्टल रोडवर दुचाकीला बंदी, त्यामुळे आपली जुनी वाट, प्रभादेवी, वरळी सी फेस, हाजी अली, पेडर रोडचा चढ. तो चढ मी गेली दोन वर्षं दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढत होतो. या वेळी तिसऱ्यात चढला. केम्प्स कॉर्नरच्या उतारावर थ्रॉटल सोडला आणि कान टवकारले. फट् नाही. नुसता तो दोन सायलेन्सरचा घुमारा.

पण मोठा आवाज गेला की लहान आवाज ऐकू यायला लागतात, ही एक पीडाच आहे. मरीन ड्राइव्हला पोचेपर्यंत मला नंबरप्लेट खुळखुळताना ऐकू आली, हत्यारांच्या पेटीचं झाकण, चेन केसचा एक स्क्रू आणि पुढच्या मडगार्डच्या आधाराची एक सळी. पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यांवर एका सिलिंडरची गाडी म्हणजे चाळणीत तांदूळ हलवल्यासारखं, सैल होईल ते बाहेर. पुढचे दोन आठवडे पाना घेऊन पुढून मागे फिरलो. एकोणीस जागी काहीतरी ढिलं निघालं. नंबरप्लेट, झाकण अशा थंड जागी नायलॉकचे नट घातले. सायलेन्सरजवळ ते घालायचे नाहीत, आतलं नायलॉन उष्णतेने मऊ होतं आणि नट नावालाच नायलॉक राहतो. तिथे स्प्रिंग वायसर आणि महिन्याला एकदा पाना. आवळलेल्या प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवली, नटावरून शेजारच्या पत्र्यावर गेलेली. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला.

जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले जमतात. त्या सकाळी भुरभुर पाऊस होता. पंचवीस-तिशीतला एक मुलगा आपल्या येझदी रोडकिंगसमोर उकिडवा बसून छिन्नीने रिंग ठोकत होता. मी काही न बोलता मागे गेलो आणि त्याचा सायलेन्सर धरून हलवला. तो म्हणाला, "काका, गळती पुढे आहे." मी म्हटलं, "हो रे बाबा, पण मागचा बोल्ट आधी सोड, आणि नडगी सांभाळ."

घरी आलो, कपडे बदलले, पँट धुण्याला टाकली. थोड्या वेळाने मशीनजवळून आवाज आला.

"अहो, आता डाव्या पायावर आहेत."

मी चौदाचा पाना घेतला आणि खाली उतरलो.